नवा लॅपटॉप संथ का सुरू होतो?

बारावीचे निकाल लागतात, अभियांत्रिकीचे प्रवेश पार पडतात आणि यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील संगणकाच्या दुकानांत पालकांची वर्दळ सुरू होते. खरेदीचा दुसरा हंगाम दिवाळीनंतरचा. तेव्हा कापूस बाजारात गेलेला असतो आणि घरात चार पैसे आलेले असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. या हिशेबाने चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे सुमारे पाच क्विंटल कापसाचा पैसा. असे यंत्र तिसऱ्याच दिवशी सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेऊ लागले, मध्येच पंखा घोंघावू लागला आणि माऊसचा बाण आपोआप उड्या मारू लागला, की 'फसवणूक तर झाली नाही ना?' ही शंका घरातील प्रत्येकाच्या मनात येते. चुलतभावाचा सात वर्षांपूर्वीचा संगणक याहून लवकर सुरू होतो, असेही कोणीतरी ऐकवते.

नव्या लॅपटॉपचा पहिल्या आठवड्यातील संथपणा हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, आणि गोम येथेच आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू बदलून मिळण्याची मुदत अनेकदा सात दिवसांच्या आसपासच असते. काही ठिकाणी तर परत घेण्याऐवजी कंपनीच्या तंत्रज्ञाकडून आधी तपासणी करून घेण्याची अट असते. 'होईल हळूहळू नीट' म्हणून आठवडा घालवला आणि दोष खरा निघाला, तर पुढे केवळ दुरुस्तीचाच मार्ग उरतो. उलट, घाईघाईने ओळखीच्या दुकानात नेऊन 'फॉरमॅट' करून घेतला, तर चांगल्या यंत्राचेही नुकसान होऊ शकते. म्हणून नैसर्गिक संथपणा कोणता आणि दोष कोणता, हे पहिल्या चार-पाच दिवसांतच ओळखता यायला हवे. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने नव्या यंत्रावर आता विंडोज ११ असणेच अपेक्षित आहे.

आधी घड्याळ लावावे

'खूप वेळ लागतो' ही तक्रार दुकानदाराला किंवा सेवा केंद्राला काहीच सांगत नाही. मोबाइलमधील स्टॉपवॉच सुरू करून तीन वेळा मोजावे. पॉवरचे बटण दाबल्यापासून कंपनीचे चिन्ह दिसून त्याखाली गोल फिरणारे ठिपके येईपर्यंतचा पहिला टप्पा, ठिपके दिसू लागल्यापासून पासवर्ड विचारणारा पडदा येईपर्यंतचा दुसरा, आणि पासवर्ड दिल्यापासून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडता येईपर्यंतचा तिसरा. एसएसडी असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये पहिले दोन टप्पे मिळून साधारणतः १० ते ३० सेकंदांत आटोपतात. याहून बराच अधिक वेळ लागत असेल तर तो कोणत्या टप्प्यात जातो हे पाहावे, कारण तिन्ही टप्प्यांतील विलंबाची कारणे अगदी वेगळी असतात.

पहिल्या टप्प्यात विंडोजचा काही संबंध नसतो. त्या वेळी यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, आपल्या अवयवांची हजेरी घेत असते. येथे अडकण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क. यंत्र तिथून सुरू होता येते का, हे तपासत बसते. काही वेळा बायोसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय सर्वांत वर असतो. तेव्हा काळ्या पडद्यावर 'पीएक्सई' अशी अक्षरे दिसतात आणि काही सेकंद वाया जातात. डीडीआर ५ प्रकारची रॅम असलेल्या काही यंत्रांत अगदी पहिल्यांदा, किंवा बॅटरी पूर्ण संपल्यानंतर, पडदा एक-दोन मिनिटे काळाच राहू शकतो. रॅमची जुळवणी चालू असते. अशा वेळी घाबरून बटण दाबून धरू नये. हे एकदाच घडले तर चिंता नाही, रोज घडत असेल तर तो दोष समजावा.

या टप्प्याचा वेळ विंडोज स्वतःही नोंदवते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंदांचा आकडा असतो. तो कागदावर लिहून ठेवावा.

पहिले दोन दिवस यंत्र काय करीत असते?

खोक्यातून निघालेला लॅपटॉप वापरणाऱ्याच्या दृष्टीने नवा असला, तरी त्यातील सॉफ्टवेअर कारखान्यातून निघतानाचे, म्हणजे काही महिन्यांपूर्वीचे असते. महाजालाशी जोडणी होताच विंडोज मधल्या काळातील सर्व सुधारणा उतरवू लागते. त्याच वेळी निरनिराळ्या अवयवांचे ड्रायव्हर बदलले जातात, सोबत दिलेली अ‍ॅप्स स्वतःला अद्ययावत करतात, संरक्षक प्रणाली संपूर्ण डिस्क तपासते, शोधासाठी फाइलींची सूची तयार होते आणि जुन्या लॅपटॉपवरची छायाचित्रे वनड्राइव्हमधून उतरू लागतात. एवढे सगळे पडद्याआड चाललेले असताना लॅपटॉप चपळ वाटावा, ही अपेक्षाच चुकीची.

हे पाहायचे असेल तर टास्क मॅनेजरमधील 'प्रोसेसेस' या पानावर 'डिस्क' या स्तंभाच्या मथळ्यावर क्लिक करावे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर', 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल', 'सर्च इंडेक्सर' ही नावे वरच्या बाजूला दिसली तर निर्धास्त राहावे. ही घरची माणसे आहेत, काम संपले की स्वस्थ बसतील.

आपल्याकडे मात्र हे काम लवकर संपत नाही. शहराबाहेर आणि तालुक्यांच्या गावी अनेक घरांतील लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा, त्यातून काही जीबींच्या सुधारणा. डाउनलोड अर्धवट राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो, मधेच लॅपटॉप बंद केला जातो, आणि दोन दिवसांचे काम तीन आठवडे रेंगाळते. प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र जड वाटते ते यामुळे. यावर सोपा उपाय आहे. एखाद्या नातेवाइकाकडे किंवा महाविद्यालयात ब्रॉडबँड असेल तिथे लॅपटॉप चार्जर लावून एक रात्र सुरू ठेवावा आणि झाकण उघडे असावे. सकाळी 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन पुन्हा तपासणी करावी, रीस्टार्ट करावा, आणि 'यू आर अप टू डेट' दिसेपर्यंत हाच क्रम दोन-तीनदा करावा. त्यानंतर मोजलेला वेळच खरा. घरी परतल्यावर वाय-फायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या नावापुढे 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करून ठेवले, तर दिवसाचा कोटा सकाळीच संपून जाण्याचा त्रासही वाचतो.

सुधारणा बसत असताना बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करणे ही सर्वांत घातक सवय होय. तिचे मूळ जुने आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भात भारनियमन तीव्र होते. डेस्कटॉप संगणक क्षणात मान टाकत आणि वीज आली की डिस्क तपासणीचा निळा किंवा काळा पडदा दाखवीत. 'बंद पडला तर पडला, पुन्हा सुरू करू' ही वृत्ती तेव्हापासूनची. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे तो निमित्त देत नाही. निमित्त आपण काढतो.

पासवर्डनंतरची गर्दी

तिसऱ्या टप्प्यात वेळ जात असेल तर दोष बहुधा आगंतुकांचा असतो. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या सोबत मुदतीचे अँटिव्हायरस, खेळ, खरेदीची अ‍ॅप्स आणि स्वतःची दोन-तीन 'साहाय्यक' सॉफ्टवेअर भरून देतात. यांतील बहुतेकांना विंडोजसोबत आपणही उठलेच पाहिजे असे वाटते. 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या पानावर प्रत्येकाच्या पुढे त्याचा भार 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' असा लिहिलेला असतो. नावावर उजवे क्लिक करून 'डिसेबल' करावे. यामुळे अ‍ॅप नष्ट होत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. टचपॅड, ध्वनी आणि ग्राफिक्स यांच्याशी संबंधित नावे मात्र तशीच राहू द्यावीत. एका वेळी दोन-तीनच नावे बंद करून वेळ पुन्हा मोजावा. सगळी एकदम बंद केली आणि काही बिघडले, तर कशामुळे बिघडले ते कळत नाही.

दोन अँटिव्हायरस एकाच यंत्रात नांदू देऊ नयेत. मुदतीचे अँटिव्हायरस विकत घ्यायचे नसेल तर ते 'अ‍ॅप्स'च्या यादीतून पूर्ण काढावे. ते गेले की विंडोजचे स्वतःचे संरक्षण आपोआप कामाला लागते.

येथे एका लाडक्या सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आलेल्या दोन पिढ्यांनी डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून 'रिफ्रेश' म्हणायची सवय अंगी बाणवली आहे. संगणक सुरू झाला की चार-पाच वेळा रिफ्रेश, मग काम. याने पडद्यावरील चित्रे पुन्हा रंगविली जातात, एवढेच. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. सवय निरुपद्रवी आहे, त्यामुळे ती मोडण्याचा आग्रह नाही. 'रॅम बूस्टर', 'पीसी क्लीनर', 'रजिस्ट्री क्लीनर' या नावांनी मिळणाऱ्या गोष्टी मात्र निरुपद्रवी नसतात. त्या स्वतःच स्टार्टअपमध्ये शिरतात.

अवयवच तोकडे असतील तर यांपैकी कशाचाच फारसा उपयोग होत नाही. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कखाली 'एसएसडी' की 'एचडीडी' ते लिहिलेले असते. नवा म्हणून विकलेल्या यंत्रात फिरणारी हार्ड डिस्क निघाली, तर बिल आणि जाहिरात पुन्हा वाचावी. वापरून नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून गळ्यात मारलेला असण्याची शक्यता असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची 'ईएमएमसी' साठवण असते. ती मदरबोर्डवरच जोडलेली असते, बदलता येत नाही, आणि वेगाने एसएसडीच्या जवळपास येत नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची असली तरी तेवढ्यात ते केवळ तग धरते. ८ जीबीपासून पुढे काम सुसह्य होते.

बंद केलेला लॅपटॉप बंद नसतो

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आहे. 'शट डाउन' केले तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून पुढे चालू करते. यामुळे वेळ वाचतो. मात्र एखादा ड्रायव्हर रुसलेला असेल तर तो रुसवाही जसाच्या तसा दुसऱ्या दिवशी हजर होतो. रोज रात्री बंद करूनही 'परफॉर्मन्स' पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' अकरा दिवस दिसतो, तो या कारणाने. पूर्ण विश्रांती 'रीस्टार्ट' केल्यावरच मिळते. यंत्र विचित्र वागू लागले की आधी रीस्टार्ट करावे. रीस्टार्टनंतर वेगाने आणि शट डाउननंतर संथपणे सुरू होत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावे. एसएसडी असलेल्या यंत्रात त्याच्यावाचून फारसे अडत नाही.

झाकण मिटणे म्हणजे तर बंद करणे मुळीच नव्हे. आजचे अनेक लॅपटॉप झाकण मिटल्यावर मोबाइलसारखे अर्धजागृत राहतात आणि मधूनमधून मेल, सुधारणा पाहतात. यवतमाळहून नागपूरला एसटीने निघताना झाकण मिटून पिशवीत टाकलेला लॅपटॉप उतरताना तापलेला आणि बॅटरी निम्म्यावर आलेली आढळते. प्रवासाला निघताना 'शट डाउन' किंवा 'हायबरनेट' करावे.

४८ अंकी चावी कोणाच्या खात्यात?

आतापर्यंतच्या गोष्टींनी फार तर वेळ वाया जातो. पुढील गोष्टीने प्रकल्प, छायाचित्रे, हिशेब, सगळेच जाऊ शकते, म्हणून ती लॅपटॉप हाती आल्याच्या दिवशीच पाहून घ्यावी.

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. त्या खात्याने प्रवेश होताच अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्ट होते. २०२४ अखेर आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ही सोय पूर्वीपेक्षा अधिक यंत्रांत लागू झाली. कुलपाची ४८ अंकी चावी त्या खात्यात जमा होते. एरवी ती कधीच विचारली जात नाही. परंतु बायोसची सुधारणा झाली, त्यातील काही सेटिंग बदलले किंवा मदरबोर्ड बदलला, की सुरू होताना निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाऊ शकते.

आता दुकानातील नेहमीचे दृश्य आठवावे. गिऱ्हाइकाला घाई असते. त्याच्याकडे ई-मेल नसतो किंवा पासवर्ड आठवत नाही. दुकानातील मुलगा सद्भावनेने आपलेच किंवा तिथल्या तिथे बनविलेले खाते घालून लॅपटॉप सुरू करून देतो. 'नंतर बदलून घ्या' असे सांगतो. चावी त्या खात्यात जाते. पुढे आपण खाते बदलतो, पण चावी जुन्या खात्यातच राहते. आठ महिन्यांनी निळा पडदा येतो तेव्हा त्या मुलाने दुकान सोडलेले असते आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. चावी नसेल तर मायक्रोसॉफ्टही माहिती परत देऊ शकत नाही. यंत्र पुन्हा चालू होते, माहिती जाते.

म्हणून 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स' उघडून कोणाचे नाव आहे ते पाहावे. परके असेल तर आपले खाते जोडून त्याला प्रशासकाचे अधिकार द्यावेत आणि परके खाते काढावे. त्यानंतर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू आहे का ते तपासावे. सुरू असल्यास एकदा बंद करावे, डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि आपल्या खात्यातून पुन्हा सुरू करावे. कंट्रोल पॅनेलमधून चावीची प्रत काढता येते. ती कागदावर उतरवून बिलासोबत ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.

मे महिन्यातील लॅपटॉप

एप्रिल-मे मध्ये घेतलेल्या लॅपटॉपबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी छान चालतो, दुपारी रडतो. यात गूढ काही नाही. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जाणे नवे नाही, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सातलाही ३५ असतातच. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोहोचला की स्वतःला वाचविण्यासाठी गती कमी करतो. म्हणून संथपणाची मोजणी पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा करावी. दोन्हींत मोठा फरक पडला तर दोष विंडोजचा नाही.

कापसाच्या या जिल्ह्यात गाद्यांची वानवा नाही, आणि लॅपटॉपचे सर्वाधिक हाल तिथेच होतात. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा आत घेतात. गादीवर ठेवताच जाळ्या बुजतात. स्वयंपाकघरातील पोळपाट किंवा जाड पुठ्ठा खाली ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. कूलरच्या थेट समोर लॅपटॉप घेऊन बसणे मात्र टाळावे. खोली थंड होते हे खरे, पण कूलर गार हवेसोबत ओलावा आणि कधी कधी तुषारही फेकतो. हवेच्या बाजूला, थोड्या अंतरावर बसावे. आणि दुचाकीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य स्वहस्ते घटविणे. तापलेली बॅटरी चार्ज होण्यास नकार देते, तो दोष नसून तिचा शहाणपणा असतो. थंड झाल्यावर ती पूर्ववत होते.

बिघाड वाटणाऱ्या खोड्या

चार्जर लावला की माऊसचा बाण थरथरतो, टचपॅड नको तिथे क्लिक करते आणि धातूच्या अंगावर मनगट टेकले तर मुंग्या आल्यासारखे वाटते. चार्जर काढताच सारे शांत. ही बहुधा लॅपटॉपची नव्हे, घरातील अर्थिंगची तक्रार असते. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असला तरी तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंगचा खड्डाही निकामी होतो. त्यात पाणी घालण्याचा वायरमनचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावू नये. तक्रार करण्यापूर्वी दुसऱ्या घरी, खात्रीच्या सॉकेटवर तपासून पाहावे.

पासवर्ड बरोबर असूनही यंत्र नाकारते, तेव्हा उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती ते पाहावे. मराठीचा कीबोर्ड जोडलेला असेल तर पासवर्ड देवनागरीत टाइप होत असतो. विंडोजचे बटण दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले तरी भाषा बदलू शकते, त्यामुळे लेखनाच्या मध्येच अक्षरे बदलल्याचा 'व्हायरस' बहुधा हाच असतो. मे २०१९ पासून विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्टखेरीज उच्चारानुसारी कीबोर्डही आहे. इंग्रजी अक्षरांच्या सवयीने मराठी लिहिणाऱ्यांना वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. जुन्या यंत्रावरून आणलेल्या मराठी फाइली अगम्य दिसल्या तर त्या युनिकोडपूर्व फाँटमधील असतात. नव्या लॅपटॉपचा त्यात दोष नाही.

५१२ जीबीची डिस्क ४७६ जीबी दाखवते, हा मोजमापाचा फरक आहे. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. ८ जीबी रॅममधील काही भाग ग्राफिक्ससाठी राखीव असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबत असेल तर आयुष्य वाढविण्याची सोय सुरू आहे, कंपनीच्या अ‍ॅपमधून ती बदलता येते. सोबत लिनक्स टाकलेल्या विद्यार्थ्यांचे घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेनुसार धरते आणि विंडोज स्थानिक वेळेनुसार, आणि भारताची वेळ साडेपाच तास पुढे आहे.

पडद्यावरील मृत ठिपका मात्र पहिल्याच दिवशी शोधावा. पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र पूर्ण पडद्यावर लावून पाहावे. एखाददुसरा ठिपका अनेक कंपन्या वॉरंटीत दोष मानत नाहीत. बदलून मिळण्याच्या मुदतीत सापडला तरच काही आशा असते.

'फॉरमॅट करून देतो'

संथपणाची तक्रार घेऊन गल्लीतील दुकानात गेले की उत्तर तयार असते. पाचशे रुपयांत नवे विंडोज, सोबत ऑफिसही. नव्या लॅपटॉपबाबत हा सौदा तोट्याचा आहे. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. त्याच्या जागी बनावट पद्धतीने चालू केलेली दुसरी आवृत्ती येते, आणि ती चालू करणारे साधनच पुष्कळदा घातक असते. लॅपटॉपसोबत मिळालेले ऑफिस ठरलेल्या मुदतीत आपल्या खात्याला जोडायचे असते. ते जोडण्यापूर्वीच पुसले गेले तर परत मिळविताना दमछाक होते. खरोखरच नव्याने सुरुवात करायची असेल तर 'सेटिंग्ज'मधील 'रिकव्हरी'त 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय घरबसल्या उपलब्ध आहे. अर्थात आपल्या फाइली दुसरीकडे ठेवूनच.

'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचा लॅपटॉप संथ झाला आहे' असा फोन आला तर तो तत्काळ बंद करावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करीत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

तरीही संथच असेल तर

सुधारणा पूर्ण झाल्या, आगंतुक दूर केले, पहाटेच्या थंड वेळी रीस्टार्ट करून मोजले आणि तरीही मिनिट-मिनिट लागते, किंवा काही हालचाल नसताना डिस्क १०० टक्के व्यस्त दिसते, निळे पडदे येतात, यंत्र आपोआप बंद होते, तर तो दोष मानून चालावे. आता पुरावा गोळा करावा. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये विंडोजच्या नोंदींखाली 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' हा विभाग असतो. त्यातील १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो, म्हणजे ९०,००० म्हणजे दीड मिनिट. हा आकडा आपल्या स्टॉपवॉचपेक्षा तंत्रज्ञ लवकर मान्य करतो. मोबाइलवर एक सलग चित्रफीतही काढून ठेवावी.

सेवा केंद्र गावात नसेल तर यवतमाळकरांना अमरावती किंवा नागपूर आणि उमरखेडकरांना नांदेड गाठावे लागते. निघण्यापूर्वी वॉरंटीत घरी येऊन दुरुस्तीची सोय आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक टाकून पाहावे. तिथे वॉरंटीची तारीखही तपासावी. काही वेळा ती खरेदीपासून न धरता माल कारखान्यातून निघाल्यापासून धरलेली असते. बिलाची प्रत पाठवून ती दुरुस्त करून घेता येते. मुदतीच्या आत कंपनीच्या तंत्रज्ञाने दोष मान्य केला, तर तसे लेखी घ्यावे. बदलून घेताना दुकान किंवा संकेतस्थळ तेच मागते.

विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. विक्रेत्याचे कार्यालय बंगळुरूला असले तरी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल, खोक्यावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र, ई-मेलवरील पत्रव्यवहार आणि वर सांगितलेल्या नोंदी सोबत लागतात. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत खोके रद्दीत देऊ नये.